पेठांतील रस्तारुंदी

पुण्याच्या पेठा वसल्या त्या घोडे, पालख्या आणि पायी चालणारी रयत यांच्या मापाने. बोळ वळला तर एखाद्या पाराला वळसा घालण्यासाठी वळला, आणि आळी चिंचोळी झाली तर दुतर्फा वाड्यांचे ओटे पिढ्यानपिढ्या बोटभर पुढे सरकत आल्यामुळे झाली. रस्ते, गल्ल्या व घरे यांविषयीचे तंटे पेशवाईत कोतवालाकडे निकालास जात, यावरून ही सरकासरक सरकारास अपरिचित नव्हती, हे उघड आहे.

१५ फेब्रुवारी १९५० रोजी पुण्यास महानगरपालिका स्थापन झाली, आणि मुंबई प्रांतिक महानगरपालिका अधिनियम, १९४९ यान्वये एक मोठी सोशिक युक्ती तिच्या हाती आली. आयुक्तांनी नकाशावर रस्त्याची नियमित रेषा मुक्रर करावी. त्या रेषेपुढे आलेली भिंत तत्काळ जमीनदोस्त करण्याची निकड नाही. परंतु मालक जेव्हा वाडा उतरवून नवी इमारत उभारील तेव्हा त्याने रेषेमागे हटावे आणि सोडल्या जागेचा मोबदला घ्यावा. कागदावर हे निर्दोष दिसते. मात्र १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने भाडी गोठली होती, त्यामुळे मालकास डागडुजी परवडेना, भाडेकरूस बिऱ्हाड हलवणे परवडेना, आणि वाडा धड पडेना की धड नव्याने बांधला जाईना. म्हणजे रस्त्याची रुंदी अखेर दिवाणी कोर्टातील तारखांवर येऊन ठेपली.

परिणामी सदाशिव किंवा नारायण पेठेत रस्त्याची कड आजही करवतीसारखी दातेरी दिसते: नवी इमारत चार पावले मागे सरलेली, तिला खेटून जुन्या वाड्याचा दगडी जोता आणि दिंडी दरवाजा मात्र मूळ जागी ठाम, आणि मधल्या खाचेत दुचाक्या लावलेल्या. सुटलेली जागा वाहतुकीस क्वचितच मिळते, कारण रांगेतील शेवटचा वाडा हटेपर्यंत तिचा रस्ता होत नाही. पुढे रोख मोबदल्याऐवजी वाढीव चटईक्षेत्र देण्याची रीत पडली. तिजोरीची सोय झाली खरी. पण ज्या गर्दीसाठी रस्ता रुंदावायचा, तीच गर्दी मजल्यांच्या रूपाने त्याच्या दोन्ही अंगांस रचली गेली, हा व्यवहार मला तरी आतबट्ट्याचा वाटतो.

२०२० मध्ये महापालिकेने ६ मीटरचे अनेक रस्ते ९ मीटर करण्याचा प्रस्ताव पुढे आणला, तोही याच रेषेच्या कलमाखाली.