सेरेब्रल पाल्सी : मेंदूतील वाटा आणि अडलेले पाऊल

सात-आठ महिन्यांच्या बाळाचा लंगोट बदलताना त्याचे पाय सहज फाकत नाहीत. उभे धरले तर ते कात्रीसारखे एकमेकांवर चढतात, टाच जमिनीला टेकत नाही. 'आपल्याकडची मुले उशिराच चालतात,' असे म्हणून वडीलधारी मंडळी धीर देतात आणि पायांचे मालीश वाढविले जाते. वास्तविक अशा बाळाच्या पायात मूळ दोष नसतो. स्नायूंपर्यंत आज्ञा पोहोचविणारी मेंदूतील वाट दुखावलेली असते.

वाढत्या मेंदूला जन्मापूर्वी, जन्माच्या वेळी किंवा तान्हेपणी इजा झाल्याने हालचाल व शरीराचा तोल यांत जे कायमचे वैगुण्य येते, त्यास सेरेब्रल पाल्सी म्हणतात. लंडनचे शल्यचिकित्सक विल्यम लिटल यांनी १८६१मध्ये त्याचा संबंध अवघड बाळंतपणाशी जोडला. पुढे मनोविश्लेषणासाठी प्रसिद्ध झालेले सिग्मंड फ्रॉइड हे मूळचे मज्जाविकारतज्ज्ञ. अवघड बाळंतपण हे कधीकधी गर्भातच घडलेल्या बिघाडाचे लक्षण असू शकते, असे त्यांनी १८९७मध्ये सुचविले. त्यांच्या म्हणण्यात तथ्य होते. तथापि भारतात जन्मावेळी बाळ गुदमरणे हे आजही मोठे कारण आहे.

हालचालीची आज्ञा मेंदूच्या पृष्ठभागावरून निघते. तेथील मज्जातंतूंचा जुडगा मेंदूच्या आतील श्वेत द्रव्यातून खाली उतरतो आणि बहुतेक तंतू मेंदूच्या तळाशी बाजू बदलून मज्जारज्जूत शिरतात. उजवा हात डाव्या मेंदूच्या हुकमतीत असतो तो यामुळे. या प्रवासात पायांकडे जाणारे तंतू मेंदूतील द्रवाने भरलेल्या पोकळ्यांच्या सर्वांत जवळून जातात. गर्भाच्या साधारण २४ ते ३४ आठवड्यांच्या काळात नेमका हाच भाग नाजूक असतो. त्यामुळे अपुऱ्या दिवसांच्या बाळांत हातांपेक्षा पायांना अधिक ताठरता आलेली दिसते.

ही झाली जाणारी वाट. परतीची वाटही तितकीच महत्त्वाची आहे. पाऊल कोठे पडले, हातातली वस्तू खरखरीत की गुळगुळीत, ही वार्ता थॅलॅमस या केंद्रामार्गे वर पोहोचते. पाण्याच्या रेणूंच्या हालचालीवरून तंतूंची दिशा दाखविणाऱ्या विशेष एमआरआय तंत्राने अमेरिकेतील संशोधकांनी २००२ आणि २००९मध्ये अपुऱ्या दिवसांच्या मुलांची तपासणी केली, तेव्हा थॅलॅमसकडून निघणारे संवेदनेचे तंतूच अधिक दुखावलेले आढळले. म्हणजे अशा मुलाला केवळ पाऊल उचलणे कठीण नसते. ते कोठे ठेवले, हेही त्याला नीट कळत नसते. नुसते पाय ओढून-ताणून व्यायाम करविण्याची मर्यादा येथे स्पष्ट होते.

नवजात बाळात मेंदूच्या प्रत्येक बाजूचे तंतू दोन्ही हातांकडे जातात. वापराच्या चढाओढीत त्याच बाजूचे तंतू पुढे मागे हटतात. एका बाजूला इजा झाल्यास निरोगी बाजूचे हे तंतू टिकून राहतात आणि दोन्ही हात तीच चालवू लागते. अशी मुले एक मूठ मिटताना नकळत दुसरीही मिटतात. ही तडजोड उपयोगी खरी, पण हाताचे कौशल्य तिच्यात बरेचदा तोकडे पडते. कोणते तंतू टिकणार, हे मुख्यतः पहिल्या दोन वर्षांत ठरते.

म्हणूनच 'थोडी वाट पाहू' हा सल्ला महागात पडतो. तीन-चार महिन्यांच्या बाळाच्या हातापायांची लहान, वळणदार चुळबुळ दिसते की नाही, हे प्रशिक्षित तज्ज्ञ चित्रफितीवरूनही पारखू शकतात. त्याला एमआरआयची जोड मिळाल्यास जोखमीच्या बाळांचे निदान सहा महिन्यांच्या आत शक्य असते. बोटुलिनम इंजेक्शनाने ताठरता काही महिने सैल होते, परंतु नवे कौशल्य सरावानेच येते. चांगल्या हाताला काही काळ मोजा घालून दुबळ्या हाताला खेळवण्याची पद्धत याच तत्त्वावर उभी आहे.

वर्षाच्या आतच मूल एकच हात पुढे करू लागले, तर ते डावखुरे किंवा उजवे निघणार म्हणून घरात कौतुक होते. त्या वयात एका हाताची अशी पक्की निवड स्वाभाविक नसते. मागे राहणारा दुसरा हात बालरोगतज्ज्ञांना दाखवावा.