सारा भरणाऱ्याची बायको

स्त्रियांच्या मताधिकाराचा इतिहास सांगताना सुधारक एकीकडे आणि सनातनी दुसरीकडे, अशी मांडणी होते. ती अपुरी आहे. खरा मतभेद सुधारकांमध्येच होता: मत माणूस म्हणून मिळावे, की मालमत्ता आणि शिक्षण पाहून? 1921 साली मुंबई कायदेमंडळाने स्त्रियांवरची मतदानबंदी उठवली. रमाबाई रानडे यांच्यासारख्यांच्या खटपटीचे ते मोठे यश होते. पण सारा किंवा कर भरण्याची अट कायम राहिली. कोकणातल्या महाड-पोलादपूरच्या डोंगरउतारावर नाचणी-वरी पिकवणाऱ्या किती बायांच्या नावावर जमीन होती? पुढे 1935च्या भारत सरकार कायद्याने मालमत्ताधारकांच्या पत्नींना मताची वाट काढून दिली. म्हणजे बायकोचे नागरिकत्व नवऱ्याच्या साऱ्यावर ठरले. स्त्री-चळवळीतल्या राजकुमारी अमृत कौर आणि मुथुलक्ष्मी रेड्डी यांनी अशा अटीला आधीच विरोध केला होता, आणि तो रास्त होता.

यावर मवाळांचे म्हणणे असे, की निरक्षर बाई नवरा सांगेल तिथेच मत देईल. आधी शिक्षण, मग मत. हे म्हणणे प्रामाणिक होते, पण चूक होते. डॉ. आंबेडकरांनी सायमन कमिशनच्या वेळी, मे 1929मध्ये, वेगळा अहवाल देऊन प्रौढ स्त्री-पुरुषांना सरसकट मताधिकार मागितला. निरक्षर म्हणजे अडाणी आणि साक्षर म्हणजे समंजस, हे समीकरणच त्यांनी नाकारले. या मागणीची पार्श्वभूमी मला महाडमध्ये दिसते. डिसेंबर 1927मध्ये तिथे भरलेल्या अस्पृश्यांच्या परिषदेत त्यांनी स्त्रियांपुढे वेगळे भाषण केले: जातीची खूण ठरलेले जाडजूड दागिने टाका, लुगडे नीट घोळदार नेसा, मुलींना शाळेत घाला. आंबेडकरांचे सहकारी टिपणीस आणि चित्रे यांच्या घरच्या स्त्रियांनी या बायांना लुगडे नेसायला मदत केली. यात मतपेटी कुठे आली, असे कोणी विचारील. पण महाडचे चवदार तळे नगरपालिकेने 1924मध्येच सर्वांना खुले केले होते, तरी 20 मार्च 1927च्या सत्याग्रहापर्यंत अस्पृश्यांना तिथले पाणी घेता आले नव्हते. कागदावरचा हक्क वापरायला आधी स्वतःला हक्कदार मानावे लागते, आणि ती तयारी या बाया शाळेची पायरी न चढताच करत होत्या. त्यांना मतासाठी थांबायला सांगणे म्हणूनच अन्याय होता.

राज्यघटनेने मालमत्तेची आणि शिक्षणाची अट मोडली, बाईला नवऱ्याच्या नावाने ओळखण्याची सवय मात्र मोडली नाही. 1951-52च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत, मुख्यतः उत्तरेकडच्या राज्यांत, सुमारे 28 लाख स्त्रियांची नावे मतदार यादीतून गळली; त्यांनी स्वतःचे नाव न सांगता अमक्याची आई, तमक्याची बायको एवढीच नोंद केली होती.