रात्रीचे रक्त

विठ्ठलवाडीत आमच्या चाळीत एक काकू राहत. त्यांचा उजवा पाय गुडघ्याखाली खांबासारखा सुजलेला होता. नळावर त्यांची बादली इतरांच्या बादल्यांपासून दूर असे. ती दूर सरकवणाऱ्यांत मीही होतो, हे कबूल केलेले बरे. पुढे एके रात्री नऊनंतर हत्तीरोग तपासणारे लोक आले आणि त्यांनी प्रत्येकाच्या बोटातून रक्ताचे थेंब काचेवर घेतले. काकूंच्या रक्तात काही आढळले नाही. जंतांची पिल्ले निघाली ती माझ्या रक्तात! आणि मी तर धडधाकट होतो.

हे कसे झाले, ते समजायला मला बरेच मागे जावे लागले. 1872 साली कलकत्त्यात टिमथी लुइस या डॉक्टराने माणसाच्या रक्तात हे सूक्ष्म जंत पाहिले. 1877 मध्ये चीनमधील अमॉय येथे पॅट्रिक मॅन्सनने लागण झालेल्या आपल्या माळ्याला डास चावू दिले आणि जंतांची पिल्ले डासाच्या अंगात वाढतात हे दाखवले. ही पिल्ले रक्तात मुख्यतः रात्री येतात, हेही त्यानेच ओळखले. तपासणारे अपरात्री येतात ते म्हणूनच.

वाचकहो, बोटात काटा रुतला तर रात्रीत बोट सुजते. मग आठ-दहा सेंटीमीटर लांबीची मादी लसीकावाहिन्यांत वर्षानुवर्षे बिऱ्हाड करते, तेव्हा शरीर गप्प का बसते? कारण जंत आपल्या अंगातून प्रथिने पाझरवतो. ग्लासगोच्या मार्गारेट आणि विल्यम हार्नेट यांनी उंदरांच्या जातीच्या प्राण्यांत राहणाऱ्या अशाच एका जंताचे 'ईएस-62' हे प्रथिन अभ्यासले. त्याला फॉस्फोरिलकोलीन नावाचा रेणू चिकटलेला असतो. त्याच्यामुळे पहारेकरी पेशींच्या आतली धोक्याची वर्दी पुढे जात नाही आणि सूज आणणारी द्रव्ये कमी स्रवतात. पेशी मरत नाहीत, नुसत्या शांत होतात. माणसाच्या जंतांचीही अशी द्रव्ये आहेत. शिवाय रक्तात पिल्ले असलेल्यांच्या शरीरात इंटरल्यूकिन-10 हे आपलेच शामक द्रव्य वाढलेले आढळते. 2003 साली ईएस-62 दिलेल्या उंदरांची सांधेसूज कमी झाल्याचे प्रसिद्ध झाले. संधिवाताने कण्हणाऱ्यांना त्यातून उद्या औषध मिळेल, अशी आशा आहे.

पण आपल्याला त्या शांततेची किंमत पडते. शरीर जंताशी झुंजते, जंत मरतो, तेव्हा दाह होऊन वाहिन्या बिघडतात आणि पाय सुजतो. बऱ्याचदा तोवर रक्तातली पिल्ले नाहीशी झालेली असतात. काकूंचे शरीर झुंजले होते. माझ्या शरीराने तह केला होता, आणि डास त्या तहाचा माल माझ्याकडून शेजारच्या पोरांकडे नेत होते.

म्हणूनच 2004 पासून रोग असलेल्या जिल्ह्यांत निरोग्यांनाही गोळ्या वाटल्या जाऊ लागल्या. 'मला काय झालंय?' म्हणून त्या नाकारणारे पुष्कळ भेटतात. मी बारा दिवस निमूट गोळ्या घेतल्या.

तेराव्या दिवशी नळावर काकू हसून म्हणाल्या, "मास्तर, आता तुमची बादली कुठं ठेवायची?"