तळटीप : ‘काटा ५८५ वर आणला’

१२. काटा ५८५ वर आणला : आकाशवाणी नागपूरचे मध्यम लहरींवरचे प्रक्षेपण ५८५ किलोहर्ट्‌झवर होते, कळंबमध्ये ते याच आकड्यावर लागे. बटण फिरवले की रेडिओत दोन कंडेन्सर एकाच दांड्यावर फिरत. एक अँटेनाकडचे मंडल ५८५ वर आणी, दुसरा आतल्या ऑसिलेटरला १०४० वर नेई. फरक कायम ४५५. पुढचे मुख्य वर्धन याच ठरावीक वारंवारतेवर होई, म्हणून शेजारचे स्टेशन मिसळत नसे. ही जोडी चुकली की आवाज क्षीण होई. मेकॅनिक ट्रिमरचा स्क्रू प्लास्टिकच्या पेचकसाने फिरवून ती जुळवी. लोखंडी पेचकस जवळ येताच मंडलाची जुळणी ढळे. त्या हातांची ही जाण नोंदवून ठेवावी अशीच आहे.

हे झाले घरच्या रेडिओचे; लहरींची तीव्रता मोजणाऱ्या रिसीव्हरला मात्र या जुळणीत इतकीही चूक चालत नाही; मापच खोटे ठरते. तिथे फिरत्या कंडेन्सरऐवजी अनेकदा व्हॅरॅक्टर डायोड असतो. त्यावरचा विद्युतदाब बदलला की धारिता बदलते. ऑसिलेटरची वारंवारता स्फटिकाच्या स्थिर वारंवारतेशी सतत ताडली जाते आणि जेवढी चूक, तेवढा तो दाब आपोआप सुधारतो. — संपा.