आजीची सत्तरी

आमच्या घरात तिघांचा वाढदिवस १ जूनला असतो. बाबांचा, काकांचा आणि आत्याचा. तीन भावंडं एकाच तारखेला जन्मली, असा काही चमत्कार नाही. शाळेत नाव घालायला नेलं तेव्हा गुरुजींनी विचारलं, जन्म कधीचा? आजोबा म्हणाले, आवणीच्या दिवसांतला. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची, त्या हिशोबात पोर वयात बसलं पाहिजे, म्हणून गुरुजींनी १ जून लिहिलं आणि विषय संपवला. तुमच्याही घरात असा एखादा १ जूनवाला असणारच.

आजीच्या वाट्याला तोही आला नाही. ती शाळेतच गेली नाही. तिच्या आधार कार्डावर तारीख नाही, नुसतं ‘जन्म वर्ष : १९५८’ आहे.

या वर्षाचं महत्त्व मला कळलं ते डोळखांबला सत्तरीच्या पुढच्या माणसांची आयुष्मान कार्डं निघायला लागली तेव्हा. मी सुट्टीत घरी होतो. सॉफ्टवेअर इंजिनिअर नातू घरात असल्यावर हे काम कोण करणार? ॲप उघडलं, आजीचा आधार नंबर टाकला. वय सत्तर पूर्ण नाही. शेजारच्या म्हातारीचं कार्ड मात्र पाच मिनिटांत निघालं. आजी तिच्याकडे बघत मला म्हणाली, "अरं, ही माझ्या लग्नात परकर-पोलक्यात नाचत व्हती. ही सत्तरची आन् मी नाय?"

आजीचा प्रश्न बिनतोड होता. तिच्या वयाचं हे गणित केलं कोणी, ते शोधायला म्हणून मी बसलो आणि बराच मागे गेलो.

म्हातारपणीच्या आजारपणाचा खर्च सरकारने उचलावा, ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. १९४३ साली नेमलेल्या सर जोसेफ भोर यांच्या समितीने १९४६ च्या अहवालात म्हटलं होतं की, पैसे नाहीत म्हणून कोणाचे उपचार अडता कामा नयेत. पण स्वातंत्र्यानंतर योजना आल्या त्या नोकरीला बांधलेल्या. १९४८ चा कामगार राज्य विम्याचा कायदा कारखान्यातल्या कामगारांसाठी, १९५४ ची सीजीएचएस केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांसाठी. १९८६ मध्ये सरकारी विमा कंपन्यांनी ‘मेडिक्लेम’ आणला, तो हप्ता भरू शकणाऱ्यांसाठी. भात लावून पोट भरणारी आमच्या शहापूर-मुरबाडकडची माणसं यातल्या कुठल्याच रकान्यात बसत नव्हती. त्यांना निवृत्तीच नाही, तर निवृत्तीनंतरचा विमा कुठून असणार?

महाराष्ट्रात ही रांग जराशी पुढे सरकली ती १९९७ च्या जीवनदायी योजनेने. २०१२ च्या जुलैत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली. त्यात मुंबई होती, शेजारचा रायगड होता, ठाणे नव्हता. आमच्याकडे ती पोचली २०१३ च्या नोव्हेंबरात. २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचं नाव मिळालं. या सगळ्या काळात दवाखान्यात पहिला प्रश्न असायचा, रेशन कार्ड कुठल्या रंगाचं? पिवळं की केशरी? २०२४ च्या जुलैपासून राज्यातल्या सगळ्याच कुटुंबांना वर्षाला पाच लाखांपर्यंतचं संरक्षण लागू झालं, तेव्हा कुठे रंगाचा प्रश्न मागे पडला.

पण हे पाच लाख अख्ख्या कुटुंबाचे मिळून असतात. आमच्या कार्डावर काका आहेत, त्यांचं डायलिसिस चालू आहे. गेल्या पावसाळ्यात आजी अंगणातल्या शेवाळावर घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन योजनेतून झालं, आजी आता काठी घेऊन चालते. मात्र त्यानंतर वर्ष संपेपर्यंत काकांसाठी किती उरले, याचा हिशोब बाबा वहीत मांडत होते. आईचं हाड आणि भावाची किडनी एकाच पानावर.

आजीकडे सत्तरीचं कार्ड असतं, तर हे पान वेगळं झालं असतं. २९ ऑक्टोबर २०२४ ला, धन्वंतरी जयंतीच्या दिवशी सुरू झालेल्या ‘आयुष्मान वय वंदना’ कार्डाचा खरा अर्थ तोच आहे. सत्तर पूर्ण झालेल्या कुणालाही, उत्पन्न कितीही असो, वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार. कुटुंब आधीच आयुष्मान योजनेत असेल, तर घरातल्या सत्तरीवरच्यांसाठी वेगळे पाच लाख, ज्याला घरातले बाकीचे हात लावू शकत नाहीत. जुने आजार पहिल्या दिवसापासून धरतात, थांबायचा काळ नाही. खाजगी विमा किंवा ईएसआयसी असली तरी चालते. सीजीएचएस किंवा माजी सैनिकांच्या ईसीएचएसमध्ये असणाऱ्यांनी मात्र दोन्हींतलं एक निवडायचं. इतकी सरळ योजना क्वचित असते. गरिबी सिद्ध करायला नको, दाखले नकोत. सिद्ध करायचं ते फक्त वय, आणि तेही आधारवरून.

म्हणजे ‘तुम्ही किती गरीब?’ या प्रश्नाची जागा ‘तुम्ही किती म्हातारे?’ या प्रश्नाने घेतली. मला वाटलं होतं, हा प्रश्न सोपा असेल.

म्हाताऱ्या माणसांना वयावरून काही द्यायचं ठरवलं की सरकारं या दगडाला ठेचकाळतातच. जर्मनीत बिस्मार्कच्या काळात, १८८९ साली, म्हातारपणाच्या पेन्शनचा कायदा झाला तेव्हाही वयाची अट सत्तरच होती. अमेरिकेने १९६५ मध्ये मेडिकेअर आणली आणि पासष्ट ठरवले. तिथे आजही पासष्टाव्या वाढदिवसाच्या महिन्याआधी तीन आणि नंतर तीन महिने, अशा सात महिन्यांत नाव नोंदवायचं असतं. नोकरीतून दुसरा विमा नसताना ही मुदत चुकली, तर डॉक्टरांच्या खर्चाच्या भागाचा वाढीव हप्ता जन्मभर मागे लागतो. वाढदिवस माहीत असणं हे तिथे गृहीतच आहे.

आयर्लंडमध्ये ते गृहीत नव्हतं, आणि तिथली गोष्ट मला आमच्या गावची वाटली. ब्रिटनने १९०८ मध्ये वृद्धांच्या पेन्शनचा कायदा केला. सत्तर पूर्ण झालेल्या गरजूंना १ जानेवारी १९०९ पासून आठवड्याला पाच शिलिंगांपर्यंत पैसे. आयर्लंड तेव्हा त्यांच्याच राज्यात होतं. पण तिथे जन्माची नोंद सक्तीची झाली होती १८६४ मध्ये. १९०९ ला सत्तरीत असलेल्या एकाही माणसाकडे जन्माचा सरकारी दाखला असणं शक्य नव्हतं. मग अधिकाऱ्यांनी एक युक्ती काढली. ६ जानेवारी १८३९ च्या रात्री आयर्लंडमध्ये भयंकर वादळ झालं होतं. छपरं उडाली, झाडं मुळासकट पडली. त्या रात्रीला लोक ‘मोठ्या वाऱ्याची रात्र’ म्हणत. ती रात्र तुम्हाला आठवते? आठवत असेल, तर तुमचं सत्तर पूर्ण. मग काय, मोठा वारा पुष्कळांना आठवायला लागला.

ज्यांना कागद हवा होता, त्यांच्यासाठी १८४१ आणि १८५१ च्या जनगणनेच्या वह्या उलगडल्या गेल्या. अर्जदाराचं घर शोधायचं, त्यात तेव्हा किती वर्षांचं पोर होतं ते उतरवून घ्यायचं. पुढे १९२२ मध्ये तिथल्या यादवी युद्धात डब्लिनचं अभिलेखागार जळालं, त्यात त्या जनगणनेच्या बहुतेक वह्या गेल्या. पेन्शनसाठी काढलेले ते उतारे मात्र उरले. आज आयरिश लोक आपल्या पणज्या-खापरपणज्या त्यांत शोधतात.

आमच्याकडेही वारे होतेच. आजीला तारखा येत नाहीत, पण काळ बरोबर येतो. बहात्तरच्या दुष्काळात मिलो खाल्ला तेव्हा बाबा पोटात होते. भातसा धरणाच्या कामावर माणसं जायला लागली तेव्हा अमुक, इंदिरा गांधी गेल्या तेव्हा तमुक. या आठवणी एकमेकींना घट्ट बांधलेल्या असतात. त्यांना डेटाबेसमध्ये रकाना नसतो, एवढीच अडचण.

देशातलं पहिलं आधार २९ सप्टेंबर २०१० ला आपल्याच राज्यात दिलं गेलं, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली या आदिवासी गावात. ज्यांच्याकडे कुठलाच कागद नाही, त्यांना ओळख मिळावी हा हेतू होता. म्हणून जन्माचा दाखला नसला तरी चालायचं, तोंडी सांगितलेलं किंवा अंदाजे वय घ्यायचे. आमच्या आजीने २०१२ मध्ये आधार काढलं. मशीनवाल्या पोराने विचारलं, "आजी, वय?" आजी म्हणाली, "आसंल पन्नास-पंचावन." पोराने चोपन्न धरले, २०१२ मधून वजा केले. १९५८.

नुसतं वर्ष असेल तर कार्डासाठी त्या वर्षाची १ जानेवारी धरतात. हे मला चांगलं कळतं. रकाना रिकामा राहिला तर सिस्टीम अडते, म्हणून आम्ही प्रोग्रामर मंडळी एक डिफॉल्ट व्हॅल्यू टाकतो. गुरुजींचा १ जून हाही डिफॉल्टच होता. फरक इतकाच की, १ जूनने बाबांचे काही महिने इकडेतिकडे झाले, आजीची अख्खी वर्षं गेली. १ जानेवारी २०२८ पर्यंत ती सत्तरची होणार नाही.

गंमत म्हणजे योजना सुरू व्हायच्या पाचच दिवस आधी, २४ ऑक्टोबर २०२४ ला, सर्वोच्च न्यायालयाने अपघात-भरपाईच्या एका खटल्यात सांगितलं की आधार हा वयाचा पुरावा नाही, शाळा सोडल्याचा दाखला जास्त विश्वासाचा. म्हणजे गुरुजींचा १ जून. आणि शाळेत न गेलेल्यांनी काय करायचं?

उत्तर तालुक्याच्या अभिलेख कक्षात सापडलं. इंग्रजांच्या काळापासून गावातल्या जन्ममृत्यूंची एक नोंदवही ठेवली जायची. सरकारी भाषेत गाव नमुना १४, लोकांच्या तोंडी ‘कोतवाल बुक’. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली, तेव्हा बातम्यांत दिसलेल्या जीर्ण, मोडी अक्षरांच्या वह्यांमध्ये ही वहीसुद्धा होती. १९६९ चा जन्म-मृत्यू नोंदणी कायदा येण्याआधी जन्मलेल्या आपल्या आज्या-आजोबांच्या जन्माचा सरकारी कागद असलाच, तर बहुधा हाच.

आजीचं माहेर मुरबाड तालुक्यातलं. अर्ज केला, फी भरली, दोन खेपा घातल्या. वहीत पणजोबांच्या नावापुढे दोन नोंदी निघाल्या. एक ऑक्टोबर १९५१ ची, एक जानेवारी १९५४ ची. दोन्हींपुढे एकच शब्द : मुलगी. कोतवाल बुकात बाळाचं नाव सहसा नसतं, बारशाआधीच नोंद होते. बापाचं नाव, जात, मुलगा की मुलगी, संपलं.

यातली आजी कोणती? तिला एक थोरली बहीण होती, ती लहानपणीच तापाने गेली. हे आम्हाला माहीत होतं. आता आठवणीची पाळी होती. आजीला विचारलं, तुझी आई तुझ्या जन्माचं काही सांगायची का?

"म्हशाची जत्रा आठ दिसांवर आली व्हती," आजी म्हणाली. "बा बैल बघाय जानार व्हता, माझ्यामुळं ऱ्हायला. आई लय येळा सांगं."

मुरबाडजवळच्या म्हशाची जत्रा पौष पौर्णिमेला भरते. त्या वर्षीची पौष पौर्णिमा जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात होती. वहीतली तारीख तिच्या आठ दिवस आधीची. आजी १९५४ ची. योजना सुरू झाली तेव्हाच ती सत्तर ओलांडून बसली होती.

आता ती नोंद, जन्माचा दाखला आणि मग आधारमधली दुरुस्ती, असा प्रवास चालू आहे. आधारवरची जन्मतारीख नियमाप्रमाणे एकदाच बदलता येते, म्हणून घाई केलेली नाही. तुमच्या घरात कोणी साठीच्या आसपास असेल, तर त्यांचं आधार आजच काढून बघा. तारीख आहे की नुसतं वर्ष? १ जानेवारी आहे का? खरं वय आणि कागदाचं वय यांत किती वर्षांचं अंतर? वय बरोबर असेल, तर सत्तर पूर्ण झाल्यावर पुढचं काम आयुष्मान ॲपवर किंवा जवळच्या सेवा केंद्रात पाच मिनिटांचं आहे, अडलं तर १४५५५ हा फुकट नंबर आहे. वय चुकलेलं असेल, तर त्याला महिने लागतात. आणि ते महिने माणूस स्ट्रेचरवर असताना मिळत नाहीत.

नोंदीची नक्कल घेऊन घरी आलो त्या संध्याकाळी आजीला तिची तारीख वाचून दाखवली. तिने कागद हातात धरला, उलटा की सुलटा ते तिला कळत नव्हतं. मग विचारलं, "आन् बायची?"

थोरल्या बहिणीला ती बाय म्हणायची.

"तिचीही आहे. त्याच वहीत."

"नाव लिवलंय?"

"नाही. मुलगी म्हणून लिहिलंय."

आजी थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "तो पन कागद आन जमलं तर. ऱ्हाऊ दे घरात."