दुसऱ्याचा लेख उचलून बॅकलिंक : हा प्रकार नेमका काय आहे?

फेसबुकवर कुणीतरी मन लावून लिहिलेला लेख चार दिवसांनी एखाद्या अनोळखी वेबसाइटवर दिसतो. शीर्षक बदललेले, लेखकाचे नाव गायब, खाली 'साभार : सोशल मीडिया'. आणि मजकुराच्या मध्येच, काही संबंध नसताना, कर्ज देणाऱ्या एखाद्या अ‍ॅपची किंवा केस वाढवणाऱ्या तेलाची निळी लिंक. असा लेख बहुतेक वेळा वाचकांसाठी टाकलेला नसतोच, तो त्या लिंकसाठी टाकलेला असतो.

लिंकला एवढी किंमत का?

एका वेबसाइटने दुसऱ्या वेबसाइटची लिंक दिली, की त्या दुसऱ्या साइटला 'बॅकलिंक' मिळाली असे म्हणतात. लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठात शिकत असताना 'पेजरँक' ही पद्धत तयार केली आणि १९९८ मध्ये त्यावरच गूगल उभे राहिले. कल्पना सोपी होती. संशोधनाच्या लेखाला इतरांनी जितके संदर्भ दिले तितके त्याचे वजन वाढते, तसेच वेब पानाचेही. लिंक म्हणजे एक मत, आणि वजनदार पानाने दिलेले मत जास्त मोलाचे. पण मत मोलाचे ठरले की ते विकत घेणारेही येतातच.

सुरुवातीला हा व्यवहार राजीखुशीचा होता. 'ईझाइनआर्टिकल्स'सारख्या साइटवर लोक आपले लेख फुकट ठेवत. कोणीही तो लेख आपल्या साइटवर छापावा, अट एकच : शेवटची लेखकाची चौकट लिंकसकट तशीच ठेवायची. छापणाऱ्याला फुकटचा मजकूर आणि लिहिणाऱ्याला प्रत्येक प्रतीमागे एक बॅकलिंक मिळे. मग हाव सुटली. एकाच लेखातले शब्द बदलून पन्नास 'नवे' लेख काढणारी सॉफ्टवेअर आली. याला 'स्पिनिंग' म्हणतात. 'डोळा लागला'चे 'नेत्र चिकटले' व्हावे, तसला तो मजकूर. काहींनी तर स्वतः लिहिण्याचेही कष्ट सोडले आणि दुसऱ्यांचेच लेख उचलायला सुरुवात केली.

गूगलने काय केले?

फेब्रुवारी २०११ मध्ये 'पांडा' नावाचा बदल आला. पातळ आणि नकल केलेल्या मजकुराच्या साइट खाली ढकलल्या गेल्या, त्यात लेख साठवणाऱ्या या साइटही आपटल्या. एप्रिल २०१२ मध्ये 'पेंग्विन' आला, त्याचा रोख थेट बनावट लिंकवर होता. सप्टेंबर २०१६ पासून पेंग्विन अशा लिंकबद्दल शिक्षा करण्यापेक्षा त्या मोजतच नाही. 'इतक्या रुपयांत इतक्या बॅकलिंक' अशी पॅकेज घेणाऱ्यांनी हे जरूर लक्षात घ्यावे : साइटला काही झाले नाही म्हणजे लिंक उपयोगी पडली असे नव्हे. मार्च २०२४ मध्ये गूगलने नियम आणखी कडक केले. रँकिंगसाठी घाऊक मजकूर टाकणे आणि मुदत संपलेले जुने डोमेन विकत घेऊन त्याच्या नावावर माल खपवणे, दोन्ही त्यात येते.

मूळ लेखकाचे काय?

खरा फटका इथे बसतो. एकच मजकूर अनेक ठिकाणी दिसला तर सर्च इंजिन सहसा एकच प्रत दाखवते. ती मूळच असावी असा प्रयत्न असतो, पण छोट्या ब्लॉगसमोर लिंकांनी फुगलेली साइट असेल तर चोराची प्रत वर येऊ शकते. फेसबुकवर फक्त मित्रांसाठी लिहिलेली पोस्ट तर सर्च इंजिनला दिसतच नाही. मग शोधणाऱ्यासाठी उचललेली प्रतच मूळ ठरते आणि उद्या लेखकाने तोच लेख स्वतःच्या ब्लॉगवर टाकला, तर नकल त्याचीच वाटते.

भारतीय प्रताधिकार कायदा, १९५७ नुसार लेख लिहिला की त्यावरचा हक्क आपोआप निर्माण होतो, नोंदणी सक्तीची नाही. हा हक्क साधारणपणे लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. लेखक म्हणून ओळखले जाण्याचा हक्क कलम ५७ मध्ये वेगळा दिला आहे. म्हणून 'साभार' लिहिल्याने परवानगी मिळत नाही. 'नावासहित शेअर करण्यास हरकत नाही' असे लेखकाने लिहिले असेल, तरी नाव काढून, मध्ये जाहिरातीची लिंक खुपसून छापणे त्यात बसत नाही.

रीतसर पुनर्प्रकाशनाला मात्र कोणाचीच हरकत नसते. लेखी परवानगी, लेखकाचे नाव आणि मूळ लेखाची लिंक एवढे हवे. शिवाय छापणाऱ्या साइटने आपली प्रत 'नोइंडेक्स' करावी, म्हणजे शोधात मूळ लेखच दिसेल, असा गूगलचा सल्ला आहे. विकिपीडियाचा मजकूरही वापरता येतो, पण श्रेय देऊन आणि त्याच परवान्याच्या अटीवर.

आपला लेख कुठे उचलला आहे हे पाहायचे असेल, तर त्यातले एखादे वेगळे वाक्य अवतरणचिन्हांत टाकून शोधावे. सापडल्यास आधी तारखेसह स्क्रीनशॉट घ्यावा, मूळ पोस्टची लिंक जपून ठेवावी, मग साइटला लेखी कळवावे. उत्तर आले नाही तर होस्टिंग कंपनीकडे तक्रार करता येते. गूगलचाही प्रताधिकार तक्रारीचा अर्ज आहे, तो फुकट भरता येतो. मात्र तक्रार मान्य झाली तरी त्याने ते पान फक्त शोधातून निघते, साइटवरून लेख काढायला मालकाकडे किंवा होस्टिंग कंपनीकडेच जावे लागते.