निगेटिव्ह दुकानातच राहते

मिठागराचा फोटो भर दुपारी काढणाऱ्याला पांढरा रंग हमखास फसवतो. मुंबईजवळच्या भाईंदर-मिरा रोडच्या पट्ट्याला मिठागरं नवी नाहीत, आणि तिथली मिठाची रास डोळ्यांना खडा न् खडा दिसते. फोटोत मात्र तिचा सपाट पांढरा डाग उरतो. जेपेगमध्ये लाल, हिरव्या, निळ्या रंगाच्या प्रत्येकी 256 पायऱ्या, तर कॅमेऱ्याने टिपलेलं सगळं जसंच्या तसं राखून ठेवणाऱ्या 14 बिटांच्या रॉ फाइलमध्ये 16,384. प्रकाश थोडाच जास्त झाला असेल, तर रॉमधून ते खडे परत काढता येतात.

ही राखून ठेवण्याची सवय मुंबईत फार जुनी आहे. 1854 साली इथे फोटोग्राफिक सोसायटी निघाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी तिच्या सभासदांत होते. काचेवर ओलं रसायन पसरायचं, ते वाळण्याआधी फोटो घ्यायचा आणि लगेच धुवायचा. तयार काच म्हणजे निगेटिव्ह; ती जपायची आणि तिच्यावरून प्रती काढायच्या त्या अंड्याच्या पांढऱ्यात मीठ कालवून माखलेल्या कागदावर. म्हणजे मीठ तेव्हापासूनच फोटोवाल्यांच्या कामाचं! पुढे फिल्म आली, तरी स्टुडिओचा रिवाज तोच राहिला: गिऱ्हाइकाला प्रत, निगेटिव्ह दुकानात. बॅलार्ड इस्टेटमधल्या, 1928 पासूनच्या हॅमिल्टन स्टुडिओत अशा लाखो निगेटिव्ह साठल्या.

डिजिटल कॅमेऱ्याने हा रिवाज काही काळ मोडला, कारण तो फोटो थेट जेपेगमध्ये साठवू लागला. 1992 मध्ये मानक ठरलेल्या जेपेगचं गणित नासिर अहमद या बंगळूरमध्ये जन्मलेल्या अभियंत्याने दोन सहकाऱ्यांसह 1974 मध्ये मांडलं होतं. डोळ्यांना सहसा न जाणवणारे बारकावे गाळायचे, की फाइल लहान होते. मेमरी कार्डं महाग होती तेव्हा हा सौदा परवडणारा होता. मात्र कॅमेरा एकदा जे गाळतो, ते परत मिळत नाही.

1999 च्या निकॉन डी1 मध्ये रॉची, म्हणजे जणू डिजिटल निगेटिव्हची, सोय होती. पण प्रत्येक कंपनीची रॉ वेगळी. 2004 मध्ये अ‍ॅडोबीने डीएनजी हा खुला साचा काढला, तरी निकॉन आणि कॅनन आपल्याच वाटेने चालत राहिल्या.

बातमीच्या धंद्यात वारं उलटं फिरलं. नोव्हेंबर 2015 मध्ये रॉयटर्सने मुक्त छायाचित्रकारांना कळवलं, की रॉवरून तयार केलेले फोटो पाठवू नका, कॅमेऱ्यातलं जेपेगच द्या. कारणं दोन: वेग आणि विश्वास. वर्ल्ड प्रेस फोटो स्पर्धा मात्र त्याच विश्वासासाठी शेवटच्या फेरीतल्या छायाचित्रकारांकडे कॅमेऱ्यातली मूळ फाइल मागते, आणि फोटो जेपेगवर काढलेला असेल तर त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या फ्रेमही दाखवाव्या लागतात.